विल्यमचा बिल आणि मार्गारेटची पेगी झाली कशी?

केनेडी घराण्यातले तीन भाऊ बघा. जॉनला म्हणायचे जॅक, रॉबर्टला बॉबी आणि एडवर्डला टेड. आपण सदाशिवचा सदू करतो, दत्तात्रयचा दत्तू, म्हणजे शेपूट कापतो पण तोंड तसंच ठेवतो, यांनी तर तोंडच बदललंय!

याचं मूळ 1066 मध्ये. नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढच्या शे-दोनशे वर्षांत जुनी इंग्रजी नावं बरीचशी मागे पडली, जो तो पोराचं नाव विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड नाहीतर जॉन ठेवायला लागला. आता एकाच गावात दहा रॉबर्ट, हाक मारली की सगळेच वळणार. मग रॉबर्टचा रॉब, आणि रॉबला यमक जुळवत हॉब, डॉब, नॉब, बॉब. रिचर्डचा रिक, हिक, डिक. रॉजरचा हॉज. यातले बरेच आता कोणी वापरत नाही, पण आडनावात अडकून राहिलेत ना. हॉबसन, डॉबसन, डिक्सन हे त्यातलेच. राजस्थान रॉयल्सकडून खेळलेला ब्रॅड हॉज म्हणजे मुळात कुठल्यातरी रॉजरच्या घरातला, आणि त्याच टीममधला शेन वॉटसन म्हणजे वॉटचा मुलगा, वॉट म्हणजे वॉल्टर. 1381 च्या शेतकऱ्यांच्या उठावाचा पुढारी वॉट टायलर, त्याचं पण तेच. विलचा बिल मात्र बराच नंतरचा.

बायकांच्या नावात पण हाच खेळ. मार्गारेटची मेग, मेगची पेग, मग पेगी. मेरीतल्या र चा ल होऊन मॉली आणि मॉलीची पॉली, सारातला र असाच जाऊन सॅली.

नेडची गंमत वेगळीच आहे, मला सगळ्यात आवडते ती. तेव्हा स्वराने सुरू होणाऱ्या शब्दाआधी 'माय' न म्हणता 'माइन' म्हणायचे, तर लाडाने माइन एड, माइन एड करता करता तो न पुढे चिकटला आणि एडचा नेड झाला, एलनची नेल, अ‍ॅनची नॅन. एप्रनच्या बाबतीत बरोब्बर उलटं, मूळ शब्द नॅप्रन, त्याचा न आधीच्या 'अ' ने पळवला, 'अ नॅप्रन'चं 'अ‍ॅन एप्रन' झालं.

आणि जॅक? जॉनला 'किन' हा लाडाचा प्रत्यय लावून जँकिन, त्याचं जॅकिन, मग जॅक. म्हणजे इंग्रजीत चार अक्षरी जॉनला लांबवून परत चार अक्षरांवरच आणला, वाचवलं काहीच नाही.