तुमची वेबसाइट आम्ही कशात करतो आणि का

काम ठरवायला आलेले बरेच जण पहिल्याच भेटीत विचारतात, "रिअ‍ॅक्टमध्येच करणार ना?" घरातल्या कॉलेजच्या मुलानं तसं सांगितलेलं असतं. रिअ‍ॅक्ट म्हणजे वेबसाइटच्या स्क्रीन बनवायचं एक तयार साधन. प्रश्न रास्त आहे.

दुकानाची माहिती, मालाचे फोटो, चौकशीचा फॉर्म एवढंच हवं असेल, तर आम्ही पानाच्या मांडणीला आणि रूपाला साधं एचटीएमएल, सीएसएस आणि मागं, म्हणजे सर्व्हरवर, पीएचपी वापरतो. ऑर्डरी किंवा स्टॉक ठेवायचा असेल तर नोंदी साठवायला पोस्टग्रेस हा डेटाबेस. पीएचपी १९९५ पासून चालत आलंय आणि ते येणारा माणूस कोल्हापुरात सहज मिळतो. रिअ‍ॅक्ट २०१३ मध्ये आलं. स्क्रीनवर सतत काही बदलत राहणार असेल तिथं ते आम्हीही वापरतो, पण बारा पानांच्या कॅटलॉगला नाही.

हे आम्ही ठेच लागून शिकलो. २०१५ साली शिरोलीतल्या एका फौंड्रीचं ऑर्डर रजिस्टर आम्ही अँग्युलरजेएस या रिअ‍ॅक्टसारख्याच साधनात केलं, कारण तेव्हा सगळीकडं त्याचाच बोलबाला होता. २०२१ च्या अखेरीस त्याचा सपोर्ट, म्हणजे दुरुस्त्या आणि सुरक्षेचे अपडेट, संपला आणि सगळ्या स्क्रीन नव्यानं लिहाव्या लागल्या. निवड आमची होती, म्हणून निम्मा खर्च आम्ही सोसला. डेटाबेसला मात्र हातही लावावा लागला नाही.

त्या वेळी आम्ही दोन दिवस शेडमध्ये उभं राहून काम बघितलं. पत्र्याखाली रेंज जेमतेम, सुपरवायझरच्या हाताला वाळू. पान जड असलं की स्क्रीन पांढरीच राहते. मग तो वहीत लिहितो आणि संध्याकाळी ऑफिसात कुणीतरी तेच परत भरत बसतं. आता तिथं एका पानावर तीनच बटणं आहेत, अंगठ्यानं दाबता येतील एवढी मोठी.

दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडची तयार पॅकेजही आम्ही मोजूनमापून घेतो. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं एनपीएम या पॅकेजेसच्या ऑनलाइन भांडारातून काढून घेतलं आणि जगभरातल्या हजारो प्रोजेक्टचं बिल्ड, म्हणजे सगळा कोड जोडून चालू प्रोग्रॅम तयार करण्याचं काम, अडलं. तुमच्या कामात कोणती पॅकेजेस आहेत, त्याची यादी आवृत्तीसह तुम्हाला देतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात तो नमुना, गिऱ्हाइकाचा असतो. फौंड्री बदलली तर तो उचलून नेता येतो. वेबसाइटचंही तसंच असायला हवं, असं आमचं ठाम मत आहे. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, तुमच्या नावावर आणि तुमच्याच ईमेलवर घेतो. साइट जिथं ठेवतात त्या होस्टिंगचे पासवर्ड, गिट या कोडचे बदल नोंदवणाऱ्या साधनातला सगळा कोड आणि दर महिन्याला डेटाबेसची प्रत तुमच्या हातात देतो. हुपरीच्या एका चांदी व्यापाऱ्यांचं डोमेन आधीच्या डेव्हलपरच्या नावावर होतं. नूतनीकरण राहिलं, तो फोन उचलेना, आणि नऊ वर्षं बिलांवर छापलेला पत्ता दुसऱ्याच कुणाच्या हाती गेला. आम्हाला तो परत मिळवून देता आला नाही.

पहिल्या भेटीला येताना जुनं कॅटलॉग आणि डोमेनची पावती आणा. आणि ज्या फोनवर तुम्ही किंवा तुमची माणसं साइट रोज उघडणार, तोच फोन सोबत घ्या.