शूट शील्ड की हॉस्पिटल कप? ऑस्ट्रेलियातल्या क्लब रग्बीचा दर्जा कसा जोखायचा

ऑस्ट्रेलियातल्या क्लब रग्बीचा विषय निघाला की दोन नावं एका दमात घेतली जातात: सिडनीची शूट शील्ड आणि ब्रिस्बेनचा हॉस्पिटल कप. दोन्ही रग्बी युनियनच्या स्पर्धा, म्हणजे १५ खेळाडूंच्या. १३ जणांची रग्बी लीग हे वेगळं प्रकरण. दोन्हीकडे शनिवारचे सामने, एप्रिलच्या आगेमागे सुरू होऊन हिवाळ्याच्या शेवटी संपणारा मोसम, आणि दोन्हीकडून राष्ट्रीय संघात, वॉलबीजमध्ये गेलेल्या खेळाडूंची लांबलचक यादी. त्यामुळे ‘दोन्ही सारख्याच’ म्हणून मोकळं होता येतं. वरच्या तीन-चार संघांपुरतं ते बरंचसं खरंही आहे. फरक दिसतो तो गुणतक्त्याच्या खालच्या अर्ध्यात आणि प्रत्येक क्लबच्या दुसऱ्या-तिसऱ्या फळीत. दर्जाबद्दलचे बहुतेक वाद या दोन जागा न बघताच घातले जातात.

आधी थोडी ओळख. शूट शील्ड १९२३ पासून दिली जाते. मॅनली ओव्हलवर १९२२ साली खेळताना जखमी होऊन मरण पावलेल्या रॉबर्ट शूट या तरुण खेळाडूचं नाव तिला आहे. क्लब स्पर्धा त्याहून जुनी, १८७४ पासूनची. हॉस्पिटल कप १८९९ चा, म्हणजे ढालीपेक्षा वयाने मोठा. पण पहिल्या महायुद्धानंतर क्वीन्सलँडमध्ये, म्हणजे ब्रिस्बेनच्या राज्यात, रग्बी युनियनचा कारभारच बंद पडला. खेळाडू आणि प्रेक्षक लीगकडे गेले आणि १९२० चं दशक सरत आल्यावर घडी पुन्हा बसवावी लागली. सिडनीत खेळ थांबला नाही. त्या वर्षांत न्यू साउथ वेल्सने, म्हणजे सिडनीच्या राज्यसंघाने, परदेशी संघांशी खेळलेल्या सामन्यांना पुढे कसोटीचा दर्जा देण्यात आला, कारण देशाच्या नावाने उतरायला दुसरं कुणी नव्हतंच. सिडनीच्या क्लबांची मुळं खोल का, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं उत्तर आकड्यांत आहे. सध्या शूट शील्डमध्ये १२ क्लब आहेत: सिडनी युनिव्हर्सिटी, रँडविक, ईस्टवुड, गॉर्डन, मॅनली, वॉरिंगा, नॉर्दर्न सबर्ब्स, ईस्टर्न सबर्ब्स, सदर्न डिस्ट्रिक्ट्स, वेस्ट हार्बर, टू ब्लूज आणि न्यूकॅसलहून येणारा हंटर वाइल्डफायर्स. ब्रिस्बेनमध्ये ९: ब्रदर्स, जीपीएस, युनिव्हर्सिटी ऑफ क्वीन्सलँड, साउथ्स, ईस्ट्स, वेस्ट्स, नॉर्थ्स, सनीबँक आणि गोल्ड कोस्टवरचा बाँड युनिव्हर्सिटी. १२ संघांनी एकमेकांशी दोन-दोनदा खेळायचं तर २२ फेऱ्या लागतात आणि तेवढा लांब मोसम मिळत नाही. त्यामुळे सिडनीत काही प्रतिस्पर्धी दोनदा भेटतात, काही एकदाच. ब्रिस्बेनमध्ये संघांची संख्या विषम असल्याने दर फेरीत एकाला सुट्टी. म्हणूनच सिडनीतला पाचवा आणि ब्रिस्बेनमधला पाचवा यांचे नुसते गुण शेजारी ठेवून काही कळत नाही. कुणी कुणाशी किती वेळा खेळलं, हे आधी बघावं लागतं.

आता मैदानावर. सिडनीत एका क्लबचे शनिवारी सात संघ उतरतात: २० वर्षांखालच्या मुलांचे, म्हणजे कोल्ट्सचे तीन, आणि मोठ्यांचे चार ग्रेड. सकाळी कोल्ट्सपासून सुरुवात होते, मग चौथा, तिसरा, दुसरा ग्रेड आणि दुपारी तीनच्या सुमाराला पहिला. प्रत्येक संघ २३ जणांचा धरला तर एका क्लबला दर आठवड्याला दीडशेच्या वर धडधाकट माणसं लागतात. सगळ्या संघांचे गुण मिळून क्लब चॅम्पियनशिप ठरते आणि जाणकार आधी तो तक्ता उघडतात. पहिल्या ग्रेडचं विजेतेपद दोन-तीन चांगल्या खेळाडूंच्या जिवावर एखाद्या वर्षी मारता येतं, क्लब चॅम्पियनशिप तशी मिळत नाही. सिडनी युनिव्हर्सिटीने २००५ ते २०१० सलग सहा विजेतेपदं घेतली ती या फळीच्या जोरावर. शिष्यवृत्त्या, वसतिगृह, स्वतःचं जिम आणि वर्षाला नव्याने येणारी पोरं हे सगळं हाताशी होतं.

ही फळी किती भक्कम आहे ते सगळ्यात लवकर स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे पुढचे खेळाडू एकमेकांत अडकून चेंडूसाठी रेटारेटी करतात तिथे, उघडं पडतं. पुढच्या रांगेतले तिघे, म्हणजे दोन प्रॉप आणि मधला हूकर, हे तयार केलेले लोक असतात. तिथे कुणालाही उभं केलं तर मानेला इजा होते. म्हणून २३ जणांच्या संघात पुढच्या रांगेचे सहा प्रशिक्षित खेळाडू असावेच लागतात. आता समजा, पहिल्या ग्रेडचा प्रॉप गुरुवारी सिडनीच्या वॉराटाज किंवा ब्रिस्बेनच्या रेड्स या व्यावसायिक संघाने सुपर रग्बीसाठी, म्हणजे क्लबच्या वरच्या व्यावसायिक स्पर्धेसाठी, उचलला. दुसऱ्या ग्रेडचा वर जातो, तिसऱ्याचा दुसऱ्यात, आणि ही सरकासरक चौथ्या ग्रेडपर्यंत पोचते. भक्कम क्लबात खालपर्यंत कुणीतरी मिळतो. कमकुवत क्लबात दुसऱ्या ग्रेडचा प्रॉप ऐंशी मिनिटं घाम गाळून लगेच पहिल्या ग्रेडच्या राखीव बाकावर बसतो, आणि खालच्या सामन्यात पंचांना विनाझुंज स्क्रम जाहीर करावा लागतो. दोन्ही संघ नुसते वाकतात आणि चेंडू टाकणाऱ्याकडेच परत येतो. मोसमात हे किती वेळा घडलं यावरून क्लबची खरी अवस्था कळते. सिडनीच्या वरच्या आठ क्लबांत ते क्वचित दिसेल. ब्रिस्बेनमध्ये ब्रदर्स किंवा युनिव्हर्सिटीसारख्या क्लबांत फळी भरपूर, पण खालच्या दोन-तीन क्लबांत पातळ. शहरच लहान आहे. सिडनीची वस्ती ५० लाखांच्या वर, ब्रिस्बेनची साधारण निम्मी, आणि तिथल्या दणकट मुलांवर लीगचा पहिला हक्क.

अर्थात सिडनीतही सगळं आलबेल नाही. पेनरिथचं उदाहरण घ्या. शहराच्या पश्चिम टोकाला लीगचा बालेकिल्ला, तिथे हा युनियनचा क्लब वर्षानुवर्षं शंभरीच्या घरातले पराभव खात होता. २०१८ च्या मोसमातच त्याला स्पर्धेबाहेर काढलं. २०२० मध्ये हंटर आत आला आणि खालची बाजू जरा सावरली. इतक्या एकतर्फी सामन्यांत हरणाऱ्याबरोबर जिंकणाऱ्याचंही नुकसान होतं: बचावाची परीक्षाच होत नाही आणि बाद फेरीत पहिल्यांदा दाब आला की तारांबळ उडते. म्हणून स्पर्धेचा दर्जा बघताना विजेता कोण यापेक्षा पहिल्या आणि शेवटच्या संघात किती गुणांचं अंतर पडतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

तारखेकडे दुर्लक्ष करणं ही तुलनेतली नेहमीची चूक. सुपर रग्बी फेब्रुवारीत सुरू होऊन जूनमध्ये संपते. व्यावसायिक संघात करारावरचे पस्तीसएक खेळाडू, सामन्याला लागतात २३. उरलेले त्या आठवड्यापुरते आपापल्या क्लबात येतात, आणि कोण येणार हे बऱ्याचदा शेवटच्या क्षणी कळतं. त्यामुळे मे महिन्यातला ईस्टवुड आणि ऑगस्टमधला ईस्टवुड एकच नसतो. मे महिन्यात जिंकलेल्या सामन्याची चित्रफीत दाखवून दर्जा सिद्ध करणाऱ्याला आधी संघयादी विचारावी. जून संपल्यावर मोकळे झालेले खेळाडू परततात आणि दोन्ही स्पर्धांची पातळी एकदम एक पायरी वर चढते.

हवेचाही भाग आहे. ब्रिस्बेनचा हिवाळा कोरडा, मैदानं टणक, चेंडू हातात बसतो, म्हणून खेळ वेगवान आणि ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून मिळणारे गुण) भरपूर. सिडनीत जूनमध्ये पाऊस असतो. चिखलात चेंडू निसटतो आणि सामना लाथेवर, लाइनआउटवर (चेंडू रेषेबाहेर गेल्यावर दोन रांगांमध्ये फेकून आत आणतात तो) आणि स्क्रमवर जातो. ब्रिस्बेनचा ४२–३५ पाहून ‘बचाव कच्चा’ आणि सिडनीचा १५–१२ पाहून ‘खेळ कंटाळवाणा’ असे शेरे मारले जातात. निम्म्या वेळा तो मैदानाचा परिणाम असतो. बचाव तपासायचा तर हुकलेले टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडण्याचे फसलेले प्रयत्न, मोजा.

मग दोन्ही विजेत्यांना समोरासमोर का आणत नाहीत? आणतात. ऑस्ट्रेलियन क्लब चॅम्पियनशिप त्यासाठीच आहे, आणि एकूण पारडं सिडनीकडे झुकलेलं आहे, रँडविकमुळे विशेष. याच क्लबाने १९८८ मध्ये कूजी ओव्हलवर खुद्द ऑल ब्लॅक्सशी, न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाशी, सामना घेतला आणि २५–९ असा हरला. पण दोन्ही विजेत्यांचा हा सामना कधी मोसम संपल्यावर, तर कधी पुढच्याच्या तोंडावर होतो, तोवर निम्मा संघ बदललेला असतो. एका दुपारचा निकाल धरून दोन शहरं तोलू नयेत. तारे म्हणाल तर दोन्हीकडे आहेत: रँडविकचे एला बंधू आणि कॅम्पीझी, मॅनलीचा हूपर, तिकडे ब्रदर्सचा जॉन ईल्स, साउथ्सचे होरान आणि लिटल, युनिव्हर्सिटीचा लायना.

बाकीची शहरं थोडक्यात. कॅनबराचा जॉन आय डेंट कप संघांनी लहान, पण वरचे संघ कडक. कॅम्पीझी १९८२ मध्ये वॉलबीजमध्ये निवडला गेला तेव्हा तो क्वीनबियनचा होता. पर्थची प्रीमियर ग्रेड आणि मेलबर्नची ड्यूअर शील्ड आणखी एक पायरी खाली. तिथे न्यूझीलंड आणि पॅसिफिक बेटांतून आलेल्यांचा भरणा मोठा, ताकद भरपूर, सातत्य कमी. डार्विनचं तर वेळापत्रकच उलटं: ते पावसाळ्यात, भारतातल्या थंडीच्या महिन्यांत खेळतात. क्लब आणि सुपर रग्बी यांच्यामधली पायरी म्हणून २०१४ ते २०१९ नॅशनल रग्बी चॅम्पियनशिप चालवली. ती बंद पडल्यावर मधला भार पुन्हा शूट शील्ड आणि हॉस्पिटल कपवरच आला.

सिडनीत नवख्याची फसगत होते ती ‘फर्स्ट ग्रेड’वर. तो क्लबाचा पहिला संघ, एवढंच. शूट शील्डच्या खाली सबर्बन रग्बीचे अनेक विभाग आहेत, लोक त्यांना ‘सबीज’ म्हणतात, आणि त्यांच्या प्रत्येक क्लबाचाही फर्स्ट ग्रेड असतो. पहिल्या विभागाच्या केंटवेल कपमधला चांगला संघ शूट शील्डच्या तिसऱ्या ग्रेडशी बरोबरीने झुंजेल. खालच्या विभागातला ‘फर्स्ट ग्रेड’ मात्र नोकरी सांभाळून मंगळवार-गुरुवार सरावाला येणाऱ्यांचा असतो. खेळायला जागा शोधणाऱ्याने म्हणून आधी विभाग विचारावा, मग ग्रेड.

पॅरामाटा किंवा हॅरिस पार्ककडच्या मराठी घरांना सगळ्यात जवळचा क्लब टू ब्लूज. मेरीलँड्सच्या एरिक ट्वीडेल स्टेडियमवर तो खेळतो. गुणतक्त्यात बहुधा खालच्या बाजूला असतो. तिथे गेलात तर तीन वाजता पोचू नका, बारापर्यंत जा. पाहुणा क्लब रँडविक किंवा युनिव्हर्सिटी असेल तर दुसऱ्या ग्रेडचा सामना आधी बघा आणि कागद-पेन्सिल घेऊन दोन्ही बाजूंचे हुकलेले टॅकल आणि मागे ढकलले गेलेले स्क्रम मांडत जा. पहिल्या ग्रेडमध्ये झाकलं जाणारं अंतर तिथे पहिल्या वीस मिनिटांत दिसतं.