दंड भरतो कसा, उतरतो कसा

बडोद्यातील जुम्मादादा व्यायाम मंदिराचे राजरत्न माणिकराव जसे व्यायामगुरू म्हणून, तसेच हाडवैद्य म्हणूनही प्रसिद्ध होते. म्हणजे मुद्गल फिरवून भरलेला दंड आणि मोडलेले हाड सांधेपर्यंत बांधून ठेवल्याने उतरलेला दंड, दोन्ही त्यांच्या नजरेखालून जात असणार. या दोन्ही दंडांत स्नायूतंतूंची संख्या जवळपास तेवढीच असते; बदलते ती एकेका तंतूची जाडी.

स्नायूतंतू ही एकच लांबलचक पेशी असून तिच्यात शेकडो केंद्रके असतात. तिच्यातली प्रथिने सतत मोडत आणि नव्याने घडत असतात. घडण वरचढ ठरली की तंतू जाड होतो. जोर-बैठकांचा ताण पडला की पेशीतील एमटॉर हे प्रथिन सक्रिय होते आणि नव्या प्रथिनांची निर्मिती वाढते. हा निर्णय बराचसा त्या स्नायूपुरता असतो. १९६७ मध्ये आल्फ्रेड गोल्डबर्ग यांनी दाखवले की पीयूषिका ग्रंथी काढून टाकलेल्या, म्हणजे वाढीचे संप्रेरकच नसलेल्या उंदरांतही कामाचा भार वाढलेला स्नायू मोठा होतो.

मला उतरणीची बाजू अधिक रोचक वाटते. हात प्लास्टरमध्ये गेला की स्नायू नुसता वापराविना झिजतो, असे आपण समजतो. प्रत्यक्षात पेशी स्वतःची मोडणी हाती घेते. वाढीचा संदेश मंदावताच फॉक्सो नावाची प्रथिने केंद्रकात शिरून अ‍ॅट्रोजिन-१ आणि मर्फ-१ या विकरांची जनुके चालू करतात. ही विकरे ठरावीक प्रथिनांना युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लावतात आणि खूण लागलेल्या प्रथिनांचे तुकडे प्रोटिएसोम ही पेशीतली मोडणीची यंत्रणा करते. २००१ मध्ये ही विकरे उजेडात आली, तेव्हा यांपैकी एखादे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत मज्जातंतू कापल्यावरही स्नायू तुलनेने कमी उतरला.

वाढीला लगाम घालणारे मायोस्टॅटिन हे प्रथिन तर स्नायू स्वतःच तयार करतो. अलेक्झांड्रा मॅकफेरॉन आणि से-जिन ली यांनी १९९७ मध्ये त्याचे जनुक निकामी केले, तेव्हा उंदरांचे स्नायू कुठल्याही तालमीविना दुप्पट-तिप्पट झाले. मात्र त्यांत तंतूंची संख्याही वाढली होती, जे आखाड्यात सहसा घडत नाही. बेल्जियन ब्लू जातीच्या दांडग्या बैलांतही हेच जनुक बिघडलेले असते.

प्लास्टर निघाल्यावर व्यायामाने दंड पुन्हा भरतो, पण वय झाल्यावर तेवढ्याच आहाराला आणि तेवढ्याच जोरांना प्रथिननिर्मितीचा प्रतिसाद कमी मिळतो, म्हणून आजोबांचा हात नातवाच्या हाताइतक्या लवकर पूर्ववत होत नाही.