स्लीव्ह, बायपास की मिनी बायपास? प्रश्नामागची सत्तर वर्षे

लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेसाठी सर्जनकडे गेलेल्या कुटुंबाच्या कानावर बहुधा तीन नावे पडतात: स्लीव्ह, बायपास आणि मिनी बायपास. घरी परतताना चर्चा एकच, ‘यातलं चांगलं कुठलं?’ याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण ही तिन्ही ऑपरेशने एका वेळी किंवा एकाच हेतूने जन्मलेली नाहीत. आधीच्या ऑपरेशनने दिलेला त्रास टाळायला पुढचे आले आणि येताना आपला वेगळा त्रास घेऊन आले. कुठल्या ऑपरेशनने काय टळले आणि काय मागे उरले, हे माहीत असलेल्या माणसाला सर्जनला नेमके प्रश्न विचारता येतात.

सुरुवात आतड्यापासून झाली. अमेरिकेतल्या मिनेसोटा येथे आर्नोल्ड क्रेमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये लहान आतड्याचा मोठा भाग अन्नाच्या वाटेतून वगळण्याची कल्पना मांडली. पुढे रूढ झालेल्या प्रकारात काही मीटर लांबीच्या आतड्यापैकी जेमतेम १८ इंच अन्नासाठी उरत. जठराला हात लागत नसे. माणूस पूर्वीसारखाच जेवायचा, पण खाल्लेले अंगी लागत नसे. वजन झपाट्याने उतरले, आणि त्यासोबत सततचे जुलाब, मुतखडे, सांधेदुखी, जीवनसत्त्वांची तूट आली. काहींचे यकृत निकामी झाले, काही दगावले. अनेकांना पुन्हा टेबलावर घेऊन आतडे पूर्ववत जोडावे लागले. १९८० च्या सुमारास हे ऑपरेशन मागे पडले. ‘वजन किती उतरले’ एवढ्या एकाच आकड्यावर शस्त्रक्रिया जोखायची नसते, हे वैद्यकाला तेव्हा फार महागात पडून कळले.

एडवर्ड मेसन यांनी आयोवा विद्यापीठात वेगळी वाट धरली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन नंतर सहसा वाढत नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते. चिकाशी इतो यांच्यासह त्यांनी १९६६ मध्ये जठराचा वरचा छोटा कप्पा वेगळा करून त्याला लहान आतड्याचा फास (न कापता वर ओढलेला वळसा) जोडला. हाच पहिला गॅस्ट्रिक बायपास. त्यात पित्त थेट वरच्या कप्प्यात आणि तिथून अन्ननलिकेत चढे. १९७७ मध्ये वॉर्ड ग्रिफेन यांनी फासाऐवजी आतड्याची वाय अक्षरासारखी जोडणी वापरली. ती मुळात लोझानचे सर्जन सेझार रू यांची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. आज ज्याला नुसते ‘बायपास’ म्हणतात ते हेच.

यात उरलेले जठर काढून टाकत नाहीत, ते पोटातच राहते, पण तोंडावाटे घातलेली नेहमीची दुर्बीण तिथवर पोचत नाही. जोडाच्या जागी व्रण होऊ शकतो. सिगारेट ओढणाऱ्यांना आणि वेदनाशामक गोळ्या वारंवार घेणाऱ्यांना त्याचा धोका जास्त. लोह, बी-१२ आणि कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. जाहिरातीत या ओळी बारीक अक्षरांत असतात. त्या आधी वाचाव्यात.

आतड्याला अजिबात हात न लावता काम भागेल का, असा विचार १९८० च्या दशकात जोर धरू लागला. मेसन यांनीच जठराला टाके आणि पट्टा घालून छोटा कप्पा करण्याची पद्धत काढली. १९८६ मध्ये लुबोमिर कुझमाक यांनी आतून फुगवता-सैल करता येणारा सिलिकॉनचा पट्टा आणला. काहीही कापायचे नाही आणि हवे तेव्हा काढता येते, ही कल्पना रुग्णांना भावणारीच होती. २००१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पट्ट्याला मान्यता दिली. पण पट्टा सरकू लागला, जठराच्या भिंतीत रुतू लागला. अनेकांचे वजन पुरेसे उतरले नाही आणि पट्टा काढण्यासाठी दुसरे ऑपरेशन करावे लागले. आज तो क्वचितच बसवला जातो. दरम्यान १९९३-९४ मध्ये पट्टा आणि बायपास दोन्ही दुर्बिणीतून होऊ लागले होते. पोटावरचा हातभर चिरा गेला आणि जखम पिकण्याचे, हर्निया होण्याचे भय खूपच कमी झाले.

स्लीव्हची कहाणी मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण आज जगात सर्वाधिक होणारे हे ऑपरेशन स्वतंत्रपणे करायचे असे सुरुवातीला ठरलेलेच नव्हते. इटलीतल्या जिनोव्हाच्या निकोला स्कोपिनारो यांनी १९७० च्या दशकात पित्त आणि स्वादुपिंडाचा रस अगदी शेवटच्या टप्प्यावर अन्नात मिसळेल अशी शस्त्रक्रिया विकसित केली. पुढे अमेरिकेत आणि कॅनडात तिची सुधारित आवृत्ती आली, ड्युओडेनल स्विच. त्यात जठराची बाहेरची बाजू उभी कापून अरुंद नळी ठेवत आणि खाली आतड्याची फेरजोडणी करत. वजन उतरवण्यात हिला तोड नव्हती, पण ती अवघड होती आणि नंतर प्रथिनांची तूट भेडसावे.

न्यूयॉर्कमध्ये मिशेल गॅग्नेर यांनी १९९९ पासून ती दुर्बिणीतून करायला घेतली. अतिस्थूल रुग्णांना एवढे लांबलचक ऑपरेशन झेपेना. म्हणून त्याचे दोन टप्पे केले: आधी फक्त जठराची नळी (हीच स्लीव्ह), मग वजन थोडे उतरले की आतड्याचे काम. पहिल्या टप्प्यानंतर काही रुग्णांचे वजन इतके उतरले की दुसऱ्याची गरजच पडली नाही. अशा रीतीने अर्धे ऑपरेशन पूर्ण ऑपरेशन म्हणून रुजले. इजिप्तहून मुंबईत आणलेल्या, जगातली सर्वांत वजनदार म्हणून बातम्यांत आलेल्या महिलेवरही मार्च २०१७ मध्ये आधी स्लीव्हच झाली. त्यामागेही हाच विचार होता.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कायमचा जातो, तो परत जोडता येत नाही. त्याबरोबर भूक चेतवणाऱ्या घ्रेलिन संप्रेरकाचे मुख्य ठाणेही जाते. आतड्यात जोड नसल्याने ऑपरेशन तुलनेने सुटसुटीत. मात्र उरलेल्या नळीत दाब जास्त असल्याने आम्ल वर चढते. फिनलंडमधल्या २४० रुग्णांच्या अभ्यासाचे दहा वर्षांचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. त्यात अन्ननलिकेचा दाह स्लीव्हनंतर ३१ टक्के रुग्णांत आढळला, तर बायपासनंतर ७ टक्के. जादा वजनातल्या घटीचा मध्यक (निम्म्या रुग्णांत याहून कमी, निम्म्यांत जास्त) स्लीव्हने ४३.५ टक्के, बायपासने ५०.७ टक्के. म्हणून ज्याला आधीच रोज छातीत जळजळते, त्याने केवळ सोपे म्हणून स्लीव्ह घेऊ नये, असे मला ठामपणे वाटते.

मिनी बायपास रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ मध्ये सुरू केला. त्यांनी मेसन यांचा जुना फासच परत आणला, पण जठराचा कप्पा लांब आणि अरुंद ठेवला. एकच जोड, वेळ कमी, वजन आणि मधुमेह दोन्हींवर चांगला परिणाम, यामुळे भारतात तो लवकर रुळला. पित्ताची जुनी शंका त्याच्यासोबत परतली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच चाचणीत दोन वर्षांनी वजनातली घट नेहमीच्या बायपासइतकीच भरली, पण जुलाब आणि पोषणाच्या तक्रारी जास्त निघाल्या. आपल्याकडे हा मुद्दा अधिक गंभीर आहे. शाकाहारी घरांत बी-१२ आधीच कमी असते आणि प्रथिने मोजून खाण्याची सवय नसते. अशा रुग्णाने आतड्याचा किती सेंटिमीटर भाग वगळणार, हे ऑपरेशनआधी स्पष्ट विचारावे.

ऑपरेशन कोणाला, या निकषांनाही इतिहास आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या १९९१ च्या परिषदेने मर्यादा घातली: बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक) ४०, किंवा सोबत गंभीर आजार असल्यास ३५. १९९५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या वॉल्टर पोरिस यांनी बायपास झालेल्या १४६ मधुमेहींपैकी १२१ जणांची साखर सामान्य झाल्याचे दाखवले. तेव्हापासून ही केवळ वजनाची शस्त्रक्रिया राहिली नाही. २००४ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे मांडले. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय माणूस काट्यावर बारीक भरला तरी आतून तसा असेलच असे नाही, हे एका पानात दिसले.

२०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी निकष बदलले. आशियाई लोकांना २७.५ पासून शस्त्रक्रियेचा पर्याय द्यावा, असे त्यात म्हटले. आपल्याकडच्या विमा पॉलिसीत मात्र विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या कलमात तेच १९९१ चे ४० आणि ३५ आहेत. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी २७.५ म्हणजे सुमारे ७० किलो, ३५ म्हणजे जवळपास ९० किलो. या दोन वजनांच्या मध्ये असलेल्या मधुमेहीला डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली, तरी त्या कलमाप्रमाणे खर्च त्याचा त्यालाच करावा लागतो.