पुण्याचा विमानतळ: लोहगाव ते पुरंदर, जागेच्या शोधाची पार्श्वभूमी

केवळ नागरी वाहतुकीसाठी बांधलेला विमानतळ पुण्याला आजवर मिळालेला नाही. लोहगावचा तळ १९३९ मध्ये ब्रिटिश हवाई दलाने मुंबईच्या संरक्षणासाठी उभारला आणि स्वातंत्र्यानंतर तो भारतीय हवाई दलाकडे आला. आजही धावपट्टी हवाई दलाची आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे ती प्रवासी इमारत आणि तिच्या लगतचा परिसर. त्यामुळे कोणते विमान किती वाजता उतरणार, याचा निर्णय लढाऊ विमानांच्या सरावाचे वेळापत्रक पाहूनच होतो. देशाच्या संरक्षणाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. मात्र नव्या जागेच्या शोधाची सुरुवात याच वस्तुस्थितीतून झाली, हे आधी लक्षात घ्यायला हवे.

लोहगावची धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटर लांब असून ती समुद्रसपाटीपासून जवळपास ५९० मीटर उंचीवर आहे. उंचावरची हवा विरळ असते आणि एप्रिल-मेच्या उन्हात ती आणखी विरळ होते, त्यामुळे उड्डाणासाठी विमानाला अधिक लांब धाव घ्यावी लागते. पूर्ण भरलेले मोठे विमान येथून थेट युरोप-अमेरिकेकडे झेपावू शकत नाही, ते यामुळेच. २००८ मध्ये लुफ्तान्साने फ्रँकफर्ट–पुणे थेट सेवा सुरू केली तेव्हा तिच्यासाठी मोजक्या आसनांचे छोटे विमान वापरले होते. ऑक्टोबर २०२० पासून धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी वर्षभर रात्रीची उड्डाणे बंद राहिली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये विमानतळ १४ दिवस पूर्णपणे बंद ठेवावा लागला. एकाच धावपट्टीवर विसंबून राहणे म्हणजे काय, याचा अनुभव उद्योजकांपासून विद्यार्थ्यांपर्यंत सर्वांनी तेव्हा घेतला.

धावपट्टी वाढवायची म्हटले तर भोवती मोकळी जागा फारशी उरलेली नाही. तळ उभारला गेला तेव्हा लोहगाव शहरापासून दूरचे खेडे होते. आता विमाननगर, धानोरी, विश्रांतवाडी आणि खराडी यांनी त्याला वेढले आहे. जुलै २०२४ मध्ये नवी प्रवासी इमारत सुरू झाली. ती जुनीच्या दुपटीहून मोठी आहे आणि तिच्यामुळे रांगा निश्चितच कमी झाल्या. धावपट्टीची अडचण मात्र होती तशीच राहिली. २०२४-२५ या वर्षात प्रवाशांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली.

नव्या जागेचा विचार नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला आणि पहिले नाव पुढे आले ते चाकणचे. वाहतुकीच्या दृष्टीने पाहिले तर ही निवड समजण्यासारखी होती. पुणे–नाशिक महामार्ग दाराशी होता, तळेगावमार्गे होऊ घातलेला मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग जवळ होता आणि वाहन उद्योग एकामागून एक तिकडेच येत होता. मालवाहतूक आणि प्रवासी या दोघांचीही सोय एकाच ठिकाणी होईल, अशी ती कल्पना होती. पुढे महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाल्यावर या प्रस्तावाला यंत्रणाही मिळाली.

प्रत्यक्षात चाकणच्या नावाखाली जागा खेड तालुक्यात सतत सरकत राहिली. एका गावाने विरोध केला की पाहणी पुढच्या गावाकडे जाई. भीमा आणि भामा नद्यांच्या खोऱ्यातली ही जमीन धरणांच्या पाण्यावर बागायती झालेली आहे आणि चाकणची कांद्याची बाजारपेठ तिच्यावर उभी आहे. याच तालुक्यात विशेष आर्थिक क्षेत्रासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना १५ टक्के जमीन विकसित करून परत देण्याचा, म्हणजे परताव्याचा, प्रश्न वर्षानुवर्षे भिजत पडला. तो डोळ्यांसमोर असताना नव्या आश्वासनावर शेतकऱ्यांनी विश्वास ठेवावा, ही अपेक्षाच मुळात चुकीची होती. त्यातच परिसरातील डोंगर धावपट्टीच्या दोन्ही टोकांकडील मोकळ्या हवाई मार्गाला अडथळा ठरत होते. दीड दशकाहून अधिक काळ असा गेला.

२०१६ मध्ये राज्य सरकारने खेडचा नाद सोडून पुरंदर तालुक्याची निवड जाहीर केली. विमानतळाला छत्रपती संभाजी राजे यांचे नाव देण्याचे ठरले, कारण त्यांचा जन्म पुरंदर किल्ल्यावरचा. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी ही सात गावे त्यात आली आणि क्षेत्र सुमारे २,८०० हेक्टर धरण्यात आले. चार किलोमीटर लांबीच्या दोन समांतर धावपट्ट्या बसतील असे मोकळे पठार आणि लोहगावच्या लष्करी उड्डाणांशी जुळवून घेता येईल असे अंतर, हे या निवडीमागचे मुख्य मुद्दे होते. म्हणजे जागा ठरली ती आकाशाकडे पाहून.

जमिनीकडे पाहिले तर चित्र वेगळे दिसते. पुरंदर हा पर्जन्यछायेतला तालुका. पुण्यातून वाहत येणारे मुळा-मुठेचे पाणी पुरंदर उपसा सिंचन योजनेने उचलून वर आणले तेव्हा येथील माळ हिरवे झाले. सीताफळ, वाटाणा आणि २०१६ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालेले पुरंदरचे अंजीर, ही पिके त्या पाण्यावर आणि ठिबकच्या नळ्यांवर उभी आहेत. खानवडी हे तर महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे गाव. या माणसांचा विरोध अडाणी हट्ट म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे आहे. पिढ्यान्‌पिढ्या टँकरची वाट पाहिल्यावर ज्यांच्या शेतात पाणी आले, त्यांच्याकडेच ती शेती मागितली जात होती.

महाविकास आघाडीच्या काळात रिसे, पिसे, पांडेश्वर, राजुरी या पूर्वेकडील गावांची पर्यायी जागा पुढे आली. २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने तिला परवानगी नाकारली आणि गाडे पुन्हा मूळच्या सात गावांवर आले. २०२५ मध्ये औद्योगिक विकास महामंडळाच्या कायद्याखाली भूसंपादन सुरू झाले. त्या मे महिन्यात ड्रोन सर्वेक्षणाच्या वेळी ग्रामस्थ आणि पोलीस समोरासमोर आले, लाठीमार झाला. त्यानंतर सरकारने क्षेत्र कमी करून ते सुमारे तीन हजार एकरांवर (साधारण १,२०० हेक्टर) आणले आणि मोबदल्यासोबत विकसित भूखंड देण्याची तयारी दाखवली. पुढे मोठ्या संख्येने संमतिपत्रे आली. हाच संवाद २०१६ मध्ये झाला असता तर बरीच वर्षे वाचली असती, असे मला वाटते.

या साऱ्या काळात सर्वांत कमी चर्चा झाली ती प्रवाशाने तिथे पोहोचायचे कसे याची. नकाशावर पुरंदरची जागा सोयीची दिसते: उत्तरेला सोलापूर महामार्ग, पश्चिमेला बंगळूर महामार्ग, मधून सासवड–जेजुरी रस्ता. पण पुणे आणि हे पठार यांच्यामध्ये डोंगराची रांग आहे. हडपसरहून फुरसुंगी, वडकीमार्गे निघालात तर दिवे घाट, कोंढव्याहून निघालात तर बोपदेव घाट, उरुळी कांचनकडून वळलात तर शिंदवणे घाट. घाट चढल्याशिवाय शहरातून वर जाता येत नाही. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी दिवे घाट चढते, त्या दिवशी तो रस्ता वाहनांसाठी बंदच असतो आणि तसा तो असायलाच हवा. घाटाच्या पायथ्याशी पोहोचण्याआधी हडपसरची रोजची कोंडी आहे ती वेगळीच. हिंजवडीतून किंवा पिंपरी-चिंचवडमधून निघणाऱ्या माणसाला तर संपूर्ण शहर ओलांडावे लागेल. नवी मुंबईच्या विमानतळाचे ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झाले आणि डिसेंबरमध्ये तिथून उड्डाणे सुरू झाली, त्यामुळे अशा प्रवाशाला द्रुतगती मार्गाने पश्चिमेकडे जाणे अनेकदा अधिक सोपे वाटेल. पुण्याच्या विमानतळाचा पश्चिम पुण्यातील प्रवासी टिकवायचा असेल तर प्रस्तावित वर्तुळाकार रस्त्याचे काम धावपट्टीच्या आधी किंवा निदान तिच्याबरोबर पूर्ण व्हायला हवे. चाकणचा माल पुरंदरला आणायचा तर त्याच रस्त्यावर भिस्त राहणार आहे.

रेल्वेचा मार्ग मात्र आधीपासून तिथेच आहे आणि त्याचा उल्लेख फार कमी वेळा होतो. पुणे–मिरज लोहमार्ग फुरसुंगी, आळंदी स्थानक, शिंदवणे, आंबळे, राजेवाडी, जेजुरी असा वळणे घेत पठारावर चढतो. राजेवाडीसारख्या लहानशा स्थानकापासून ही सात गावे जवळ आहेत. या मार्गाचे दुपदरीकरण आणि विद्युतीकरण हाती घेतले गेले ते मिरज-कोल्हापूरच्या वाहतुकीसाठी. त्यावर पुणे स्थानकातून थेट विमानतळ गाडी धावू शकेल का, याचा विचार जागेच्या निवडीत कुठेही केंद्रस्थानी आला नाही. लोहगावच्या बाबतीतही हेच घडले. मार्च २०२४ मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत आली, पण विमानतळ तिथून काही किलोमीटर दूरच राहिला आणि बॅगा घेऊन उतरलेल्या प्रवाशाला रिक्षा किंवा बस शोधावीच लागते.

म्हणून रेल्वेची जोडशाखा, स्थानकाची जागा आणि घाटातला पर्यायी रस्ता किंवा बोगदा यांची आखणी भूसंपादनाच्या याच टप्प्यात व्हावी. ही जमीनही याच सात गावांतून आणि त्यांच्या शेजारच्या शिवारांतून घ्यावी लागेल. ज्याने धावपट्टीसाठी एकदा संमती दिली त्याच्याच उरलेल्या वावरात पाच वर्षांनी रस्त्याची मोजणी घेऊन जाणे टाळायचे असेल, तर त्याला आताच संपूर्ण आराखडा दाखवला पाहिजे.