सेरेब्रल पाल्सीतली स्पॅस्टिसिटी आणि आयुर्वेदिक उपचार

सेरेब्रल पाल्सी म्हणजे सीपी असलेल्या बऱ्याच मुलांचे हातपाय ताठ असतात, टाचा उचललेल्या, पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात, कपडे बदलताना गुडघे उघडत नाहीत. हीच स्पॅस्टिसिटी. मूळ दुखणं स्नायूत नाही तर मेंदूत असतं, गर्भात, बाळंतपणाच्या वेळी किंवा नंतर लवकर झालेली इजा.

आयुर्वेदात हे नाव अर्थातच नाही, वैद्य लक्षणं बघून वातव्याधीत, म्हणजे वात बिघडून होणाऱ्या आजारांत धरतात, एक बाजू असेल तर पक्षाघात आणि सगळं अंग असेल तर सर्वांगवात. काश्यपसंहिता या मुलांच्या आजारांवरच्या जुन्या ग्रंथातला फक्करोगही बरेच जण सांगतात, वर्षाचं होऊनही जे पायाने चालत नाही ते मूल फक्क. ते वर्णन मला जास्त करून कुपोषणाचं वाटतं, त्यामुळे फक्क म्हणजेच सीपी म्हणणं ओढूनताणून आहे, पण तिथे चालायला शिकवायला तीनचाकी फक्करथ सांगितलाय, म्हणजे सरळ आपला पांगुळगाडाच की!

उपचारात मुख्य अभ्यंग, म्हणजे तेलाची मालीश, आणि शेक. बला तेल, क्षीरबला किंवा महानारायण तेल कोमट करून लावतात (बला म्हणजे आपल्याकडची चिकणा), मग पिंडस्वेद. साठेसाळ म्हणजे साठेक दिवसांत येणारा भात, तो चिकण्याच्या मुळाच्या काढ्यात आणि दुधात शिजवायचा, फडक्यात पोटल्या बांधायच्या आणि गरम पोटलीने अंग चोळायचं, एक गार झाली की दुसरी, तोवर पहिली परत दूधकाढ्यात गरम होते. केरळात यालाच नवरकिळी म्हणतात. सोबत मात्राबस्ती, म्हणजे गुदद्वारातून थोडंसं औषधी तेल, कारण वातावर बस्ती हा मुख्य उपाय मानलाय.

फरक पडतो का? उबेने आणि चोळण्याने अंग काही वेळ सैल पडतं, पोर शांत झोपतं, हे आईवडील सांगतात. अभ्यास झालेत पण बरेचसे छोटे, आणि त्यात फिजिओथेरपीही चालूच असते त्यामुळे श्रेय नक्की कुणाचं ते वेगळं काढणं अवघड. मेंदूतली इजा तेलाने भरून येत नाही, तसं कुणी पॅकेज विकत असेल तर उठून यावं. सैल झालेल्या त्या वेळात लगेच स्ट्रेचिंग करून घेतलं, अंग पुसून स्प्लिंट (हातपाय सरळ धरून ठेवणारा आधार) घातला, तर त्या शेकाचा खरा उपयोग.

फिटची गोळी मात्र परस्पर बंद करायची नाही. गिळताना ठसका लागणाऱ्या मुलाला नस्य (नाकात घालायचं औषध) किंवा तूप देताना ते श्वासनळीत जायची भीती असते, आणि बोलता न येणारं मूल पोटली चटका देतेय हे सांगू शकत नाही म्हणून आधी आपल्या मनगटावर लावून बघायची. खुबा निखळलेला असू शकतो, जोर लावून मालीश नको. भस्मं आणि रसौषधी, म्हणजे धातू आणि पाऱ्यापासून केलेली औषधं, यांबाबत तर जास्तच जपावं, 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या बोस्टन भागातल्या दुकानांतली 70 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली होती, त्यात 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं.