प्रोसेसरमधील वीजवापर आणि वेग यांचा समतोल

संगणकाचा प्रोसेसर किती वेगाने चालवायचा, त्याला किती व्होल्टेज द्यायचे आणि त्याचे कोणते भाग केव्हा झोपवायचे, हे ठरवणारी तंत्रे या विषयात येतात. एके काळी ही फक्त लॅपटॉप बनवणाऱ्यांची डोकेदुखी होती. आज मोबाइलपासून महासंगणकापर्यंत बहुतेक चिपच्या वेगाला लगाम घालते ती वीज आणि तिच्यातून निर्माण होणारी उष्णताच.

चिपमध्ये वीज दोन वाटांनी जाते. ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना दर खेपेला सूक्ष्म विद्युतभार भरावा आणि रिता करावा लागतो. हा खर्च धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता), वारंवारिता (सेकंदाला पडणारे ठोके) आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. दुसरी वाट गळतीची. ट्रान्झिस्टर बंद असला तरी त्यातून थोडा प्रवाह झिरपतच राहतो आणि चिप तापली की ही गळती आणखी वाढते.

सगळी मेख त्या वर्गात आहे. नुसती वारंवारिता निम्मी केली तर वॉट निम्मे होतात खरे, पण काम दुप्पट वेळ चालते. चालू-बंद होण्यावर खर्च होणारी एकूण ऊर्जा तेवढीच राहते. व्होल्टेज उतरले तरच बचत होते. मात्र कमी व्होल्टेजवर ट्रान्झिस्टर सावकाश पलटतात, त्यामुळे वारंवारिताही खाली आणावी लागते. म्हणून दोन्ही जोडीनेच बदलतात.

ट्रान्झिस्टर लहान करत गेलो की व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवता येते आणि तेवढ्याच क्षेत्रफळात खर्च होणारी वीज वाढत नाही, हे आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली मांडले. पुढची जवळपास तीन दशके उद्योग याच सवलतीवर जगला. २००५च्या सुमारास ती संपली, कारण व्होल्टेज आणखी उतरवायचे तर ट्रान्झिस्टर ज्या पातळीला चालू होतो ते उंबरठा-व्होल्टेजही उतरवावे लागते आणि तसे केले की गळती झपाट्याने फुगते. इंटेलच्या पेंटियम ४ला याचा चटका अक्षरशः बसला. २००४ साली आलेली त्याची ‘प्रेस्कॉट’ आवृत्ती ९० नॅनोमीटर तंत्रावर, प्रत्येक आज्ञा ३१ टप्प्यांतून नेणाऱ्या लांबलचक पाइपलाइनसह बनली होती. तिची वरची मॉडेल ११५ वॉटच्या घरात गेली. ठरलेले ४ गिगाहर्ट्झचे मॉडेल त्याच वर्षी रद्द झाले. २००६च्या ‘कोअर’ मालिकेत कंपनी लॅपटॉपसाठी आखलेल्या, कमी वारंवारितेत जास्त काम उरकणाऱ्या रचनेच्या वाटेवर आली. एकाच कोअरची, म्हणजे चिपमधील स्वतंत्र गणनकेंद्राची, वारंवारिता ताणण्याऐवजी कोअरची संख्या वाढवण्याचे दिवस इथून सुरू झाले.

चालू असतानाच व्होल्टेज आणि वारंवारिता बदलण्याची सोय सामान्य ग्राहकापर्यंत पोचली ती २००० साली. इंटेलचे स्पीडस्टेप, एएमडीचे पॉवरनाउ आणि ट्रान्समेटा कंपनीच्या क्रुसो प्रोसेसरमधील लाँगरन ही तिन्ही त्याच वर्षीची. पण वेग कमी म्हणजे बचत जास्त, हा सरसकट समज चुकीचा आहे. समजा, एखादे काम पूर्ण वेगाने १०० सेकंदांत होते. प्रोसेसर त्यावर २० वॉट घेतो, आणि काम चालू असेपर्यंत जागे ठेवावे लागणारे मेमरी, पडदा वगैरे बाकीचे भाग ८ वॉट. एकूण खर्च २,८०० ज्यूल. आता वारंवारिता ८० टक्के आणि व्होल्टेज ९० टक्के केले, तर प्रोसेसर सुमारे १३ वॉटवर येतो, काम १२५ सेकंद चालते आणि खर्च होतात साधारण २,६२० ज्यूल. बचत झाली. मग वारंवारिता थेट ५० टक्क्यांवर आणली; व्होल्टेज मात्र ८० टक्क्यांखाली जाईना. प्रोसेसर ६.४ वॉटच घेतो, पण काम २०० सेकंद रेंगाळते आणि बाकीचे भाग तेवढा वेळ वीज खात बसतात. खर्च २,८८० ज्यूल, म्हणजे पूर्ण वेगापेक्षाही जास्त!

सर्वांत किफायतशीर वेग असा कुठेतरी मध्ये सापडतो, आणि कामागणिक त्याची जागा बदलते. मेमरीतून माहिती येण्याची वाट पाहण्यातच वेळ जाणारा प्रोग्रॅम असेल, तर वारंवारिता उतरवूनही फारसे बिघडत नाही. उलट निव्वळ आकडेमोड असेल, तर झटपट संपवून झोपी जाणे अनेकदा परवडते. अर्थात झोपही नीट लागायला हवी. उथळ अवस्थेत फक्त क्लॉक, म्हणजे ठोके देणारा संकेत, थांबतो. गाढ अवस्थेत कॅश (कोअरजवळची छोटी, वेगवान मेमरी) रिकामी करून कोअरचा वीजपुरवठाच तोडतात. गाढ झोपेतून उठायला जास्त वेळ आणि जास्त ऊर्जा लागते, म्हणून पुढचे काम केव्हा येईल याचा अंदाज ऑपरेटिंग सिस्टिमला बांधावा लागतो. अंदाज फसला तर बचत राहिली बाजूला, वर भुर्दंड.

हे निर्णय लिनक्समध्ये ‘गव्हर्नर’ नावाचे भाग घेतात. जुना ऑनडिमांड ठरावीक अंतराने मागचा भार मोजून वेग ठरवी. २०१६ साली आलेला स्केड्युटिल, कोणते काम केव्हा आणि कुठे चालवायचे हे ठरवणाऱ्या शेड्युलरची स्वतःची माहितीच वापरतो. पॉवरसेव्ह नावाचा गव्हर्नर मूळ रचनेत वेग सरळ किमान पातळीला बांधून टाकतो. वरचे गणित पाहता त्याच्या नावावर फार विसंबू नये.

याच्या दुसऱ्या टोकाला टर्बो. २००८च्या नेहालेम पिढीपासून इंटेलचे प्रोसेसर, काही कोअर रिकामे असतील आणि तापमान हाताबाहेर नसेल, तर उरलेल्या कोअरचा वेग आपणहून वाढवतात. त्यामुळे खोक्यावर छापलेला वॉटचा आकडा बराच गोलमाल झाला आहे. २०२१च्या कोअर आय९-१२९००केची मूळ शक्ती १२५ वॉट, टर्बोतील कमाल २४१ वॉट. पातळ लॅपटॉपमध्ये किंवा पंखा नसलेल्या फोनमध्ये असा जोर थोडाच वेळ टिकतो. मग थ्रॉटलिंग, म्हणजे ताप आवरण्यासाठी वेग आपोआप उतरवणे, सुरू होते. चाचणी दोन मिनिटांची की अर्ध्या तासाची, यावरून दोन उपकरणांचा क्रम उलटू शकतो.

एकाच कोअरला दोन्ही टोकांना चांगले बनवणे अवघड, म्हणून प्रोसेसरचे आराखडे बनवणाऱ्या एआरएम कंपनीने ऑक्टोबर २०११ मध्ये बिग-लिटल ही रचना जाहीर केली. दांडगा कॉर्टेक्स-ए१५ आणि काटकसरी कॉर्टेक्स-ए७ एकाच चिपवर, दोघांचा आज्ञासंच एकच. २०२०च्या ॲपल एम१मध्ये चार मोठे आणि चार लहान कोअर होते. इंटेलने २०२१च्या अल्डर लेकपासून डेस्कटॉपवरही हीच वाट धरली. कोणते काम कोणत्या कोअरवर टाकायचे हा गुंता त्यामुळे शेड्युलरच्या गळ्यात पडला आहे, आणि तो अजून पुरता सुटलेला नाही.

प्रत्येक चिप जराशी वेगळी निघते, म्हणून निर्माते व्होल्टेजमध्ये थोडी राखीव भर ठेवतात. हौशी लोक ती काढून घेतात, म्हणजे अंडरव्होल्टिंग करतात. चिप चांगली निघाली तर वेग न गमावता ती थंड चालते, नाहीतर प्रणाली कोसळते. मुद्दाम व्होल्टेज उतरवून आकडेमोडीत चुका घडवायच्या आणि इंटेलच्या सुरक्षित विभागातील गुपिते बाहेर काढायची, असा प्लंडरव्होल्ट हा हल्ला डिसेंबर २०१९ मध्ये उघड झाला. त्यानंतर बऱ्याच लॅपटॉपांवर ही सोय कुलूपबंद झाली.